विकत घेतलं म्हणता, मग भाच्याच्या मित्राला देता का येत नाही?

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या गावभागातल्या घराचा खालचा मजला अख्खा पाण्यात होता. पाणी उतरल्यावर चिखल काढायला गेलो तर लाकडी कपाट फुगून बसलेलं, दार पहारीनं उचकटावं लागलं, आणि आत माझा कॉलेजच्या काळातला प्लेस्टेशन 2 (सोनीचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन), उचलला तसं त्याच्या फटीतनं गढूळ पाणी पायावर सांडलं. तो गेलाच होता. पण त्याच्या शेजारी चेनची एक काळी पिशवी होती, प्लास्टिकच्या कप्प्यांची, आत पन्नासेक डिस्क. आईनं टँकरचं पाणी घमेल्यात घेतलं, त्यात भांड्यांचा साबण टाकला, आणि मी पायरीवर बसून एकेक डिस्क धुतली, मधल्या भोकापासनं कडेकडे हलक्या हातानं पुसायची, गोल गोल नाही, कारण गोल पुसलं की ओरखडा ट्रॅकच्याच दिशेनं जातो आणि मग लेन्सला पुढचं वाचता येत नाही. सगळ्या जुन्या चादरीवर सावलीत वाळत घातल्या. महिन्याभरानं आतेभावाच्या मशीनवर लावून बघितल्या तर आठ-दहा सोडून बाकी सगळ्या चालल्या. त्या पुरात गावातल्या वाचनालयातल्या पुस्तकांचा लगदा झाला, आमच्या घरातले लग्नाचे अल्बम गेले, आणि या डिस्क चालल्या.

आता दुसरी गोष्ट. माझा भाचा विश्रामबागला राहतो, दहावीत आहे. गेल्या दिवाळीत त्यानं साठवलेले पैसे आणि मी घातलेले पैसे मिळून एक गेम घेतला, एका कंपनीच्या ऑनलाइन दुकानातनं, जवळजवळ पाच हजाराचा, बटणावर सरळ 'बाय' लिहिलेलं, म्हणजे विकत घ्या. महिन्यात त्यानं तो संपवला. मग वर्गातल्या मित्रानं मागितला तर देता येईना. विकून दुसरा घेऊ म्हटलं तर विकता येईना. पुढं त्याच्या बाबांचा जुना मोबाईल नंबर बंद झाला, ज्या नंबरवर ते खातं होतं, आणि खातंच उघडेना. कंपनीला चार मेल केले, चार उत्तरं आली, चारही एकाच मजकुराची. पोरगं मला म्हणालं, "मामा, आपण पैसे दिले होते ना?" मला त्याला काय उत्तर द्यावं कळलं नाही, खरंच कळलं नाही, आणि तेव्हापासनं हे डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसलो.

याचं मूळ मला एका जुन्या भांडणात दिसतं. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी, एचडी पिक्चरसाठी एकाच वेळी आलेल्या दोन डिस्क, एकीच्या मशीनवर दुसरी चालायची नाही. त्यांच्या भांडणाबद्दल आजही लोक बोलतात ते कोण जिंकलं आणि का जिंकलं एवढंच. माझं म्हणणं असं आहे की आपल्यासारख्या गिऱ्हाईकांसाठी तो प्रश्नच नव्हता. आपला प्रश्न होता की कंपन्यांचा अंदाज चुकला तर पैसे कुणाचे जातात. ते आपले गेले, दोन्ही बाजूंनी गेले. आणि त्या सगळ्या धावपळीत जी खरी किंमतीची गोष्ट होती, म्हणजे विकत घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायचा हक्क, ती कुणाच्या लक्षात न येता निसटून गेली.

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावायचं, दोन थरांची असली तर 8.5. एचडी पिक्चरला ते पुरत नव्हतं. मग लाल लेसरच्या जागी निळा-जांभळा लेसर आला, 405 नॅनोमीटरचा, लाल 650 चा होता, प्रकाशाची लांबी कमी म्हणजे टिंब बारीक आणि टिंब बारीक म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त माल. (हा निळा प्रकाश काढणं किती अवघड होतं हे बघायचं तर जपानच्या निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरांचं काम वाचा, निळ्या एलईडीसाठी 2014 चं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं.) गंमत म्हणजे दोन्ही फॉरमॅटमध्ये, म्हणजे डिस्कच्या दोन्ही प्रकारांत, लेसर तोच. फरक होता थराच्या खोलीचा. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर डीव्हीडीसारखाच 0.6 मिलिमीटर आत, त्यामुळं जुनी डीव्हीडीची मशिनरी थोडी बदलून चालायची, एका थरात 15 जीबी. ब्लू-रेत तो थर पृष्ठभागापासनं फक्त 0.1 मिलिमीटरवर, त्यामुळं 25 जीबी, पण ओरखड्याला नाजूक, म्हणून वर कडक लेप द्यावा लागला. एकाचा माल स्वस्तात तयार होणार, दुसऱ्यात जास्त मावणार. एका टेबलावर बसून मिटवता आलं असतं असंच हे भांडण होतं, निदान मला तरी तसं वाटतं.

आणि हे मिटवल्याचं उदाहरण तर अगदी ताजं होतं. डीव्हीडी यायच्या आधीही दोन गट होते, एकीकडं सोनी आणि फिलिप्स, दुसरीकडं तोशिबा आणि पिक्चर काढणारी वॉर्नर, दोघांची डिस्क वेगवेगळी. 1995 मध्ये कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपन्यांनी, त्यात आयबीएम पुढं होती, निरोप दिला की आम्ही दोन-दोन प्रकार घेणार नाही, एक ठरवा. ठरलं. त्यातनं जी डीव्हीडी आली ती सांगलीच्या सीडी लायब्ररीपासनं ते अमेरिकेच्या मॉलपर्यंत सगळीकडं एकाच फॉरमॅटची होती. म्हणजे कंपन्या शहाण्या होत्या म्हणून नाही, घेणाऱ्यानं दम दिला म्हणून झालं. 2005 मध्ये सोनी आणि तोशिबाची पुन्हा बोलणी झाली, पण यावेळी दम देणारं कुणी नव्हतं, आणि बोलणी फिसकटली. 2006 च्या मार्चमध्ये जपानात एचडी डीव्हीडी आली, जूनमध्ये अमेरिकेत ब्लू-रे आली. घेणारा म्हणून जो होता तो तुमच्या-माझ्यासारखा एकटा-एकटा माणूस, दुकानात काउंटरपाशी उभा, आणि एकट्या माणसाचा दम कोण ऐकतो.

मिरजेच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागणार नाही. मिरज जंक्शनला एके काळी तिन्ही गेज, म्हणजे रुळांच्या तिन्ही रुंदी, होते, ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, मीटरगेज 1000, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 762 ची. माझे आजोबा सांगायचे की एका गाडीचा माल दुसऱ्या गाडीत जायचा म्हणजे हमालांनी पोतं न् पोतं पाठीवर वाहायचं, गुळाच्या ढेपा फुटायच्या, पावसात शेंगांची पोती भिजायची, आणि हमाली कुणाकडनं वसूल व्हायची तर ज्याचा माल त्याच्याकडनं. रेल्वेनं 1992 मध्ये युनिगेजचा कार्यक्रम घेतला तेव्हा कुठं देशभर एक रूळ करायचं ठरलं, आणि आपल्या पंढरपूरच्या लाइनीला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. वजनाचंही तेच. 1956 चा वजन-मापांचा कायदा येईपर्यंत गावोगावचा मण निराळा होता, आणि ज्याला हिशेब येत नाही तो शेतकरी प्रत्येक बाजारात थोडा थोडा बुडायचा. एकच माप असणं ही चैनीची गोष्ट नाही. ज्याच्याकडं चुकायला जादा पैसे नाहीत त्याला ती सगळ्यात आधी लागते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकांची सीडी लायब्ररी होती. दोनशे रुपये डिपॉझिट, दिवसाला दहा रुपये भाडं, लाल कापडी बांधणीचं रजिस्टर, त्यात नाव-तारीख-सही. डिस्क परत आली की काका ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचे, ओरखडा बघायचे, मग शर्टाच्या खिशातला मऊ रुमाल काढून पुसायचे, आणि मगच सही. या माणसानं व्हिडिओ कॅसेटच्या गोण्या भंगारात किलोनं घातल्या होत्या, त्यावर व्हीसीडी भरल्या, एका पिक्चरच्या दोन-दोन, मग व्हीसीडी पडून राहिल्या आणि डीव्हीडी भरल्या. 2007 मध्ये आम्ही पोरं नेटवर वाचून त्यांना सांगायला गेलो की काका आता दोन नवीन प्रकार आलेत, एक निळ्या डबीचा आणि एक लाल डबीचा, तर ते म्हणाले, "पोरानो, भांडत्यात कंपन्या अन् माल मरतोय माझ्या कपाटात." त्यांनी दोन्हीतलं काही घेतलं नाही. शहाणपणाच केला त्यांनी, पण त्या शहाणपणाचा अर्थ असा झाला की आमच्या गल्लीत एचडी पिक्चर भाड्यानं कधी आलाच नाही, काकांनी दुकान बंद करेपर्यंत नाही. जिथं पैसा कमी तिथली माणसं अशा भांडणात कुठलीच बाजू घेत नाहीत, थांबतात, आणि थांबता थांबता त्यांच्यापर्यंत ती गोष्ट पोचायचीच राहते.

आता कन्सोलकडं, म्हणजे गेमच्या मशीनकडं, येतो, कारण हे भांडण खरं तिथं लढलं गेलं. सोनीनं प्लेस्टेशन 3 मध्ये ब्लू-रे आतच बसवली. 2006 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत त्याची किंमत होती 499 आणि 599 डॉलर, लोकांनी महाग म्हणून बोंब मारली, आणि आयसप्लाय नावाच्या कंपनीनं मशीन खोलून हिशेब मांडला तर स्वस्तातल्या मॉडेलचेच सुटे भाग 800 डॉलरच्या वर जात होते. म्हणजे सोनी तोटा खाऊन विकत होती आणि तरी घेणाऱ्याला ते महाग पडत होतं. का, तर गेम खेळायला आलेल्या पोराच्या गळ्यात पिक्चरच्या फॉरमॅटची लढाई बांधली होती. आपल्याकडं पुढच्या वर्षी तो चाळीस हजाराच्या आसपास आला, आमच्या कॉलेजात तो कुणाकडंच नव्हता, एकाच्या मामांकडं कोल्हापूरला होता तो बघायला आम्ही एसटीनं गेलो होतो. मायक्रोसॉफ्टनं उलटं केलं. एक्सबॉक्स 360 मध्ये साधी डीव्हीडी ठेवली आणि एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा, 199 डॉलरला, फक्त पिक्चरसाठी. ज्याला नको त्यानं घेऊ नये. हे मला त्यातल्या त्यात सरळ वाटतं, जरी मोठे गेम त्यामुळं तीन-तीन चार-चार डीव्हीडींवर यायचे आणि मध्येच उठून डिस्क बदलायला लागायची तरी.

शेवट कसा झाला तो सगळ्यांना माहिती आहे. 4 जानेवारी 2008 ला वॉर्नरनं जाहीर केलं की आम्ही फक्त ब्लू-रे काढणार, फेब्रुवारीत नेटफ्लिक्स (तेव्हा ती टपालानं डिस्क भाड्यानं द्यायची) आणि अमेरिकेतली मोठी दुकानसाखळी वॉलमार्ट तिकडं गेले, आणि 19 फेब्रुवारीला तोशिबानं एचडी डीव्हीडी बंद केली. मला त्यातली बोचते ती एक तारीख जी कुणी सांगत नाही. 2007 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत वॉलमार्टच्या सेलमध्ये एचडी डीव्हीडीचं प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकलं, रांगा लागल्या. कुणी घेतलं असेल ते? ज्याला चारशे-पाचशे डॉलरचं परवडत नव्हतं त्यानं. साडेतीन महिन्यात त्याचं मशीन मेलं. आणि तोशिबा? 2009 मध्ये ब्लू-रेच्या संघटनेत जाऊन त्यांनी ब्लू-रे प्लेअर विकायला काढले. कंपनी एका गाडीतनं उतरून दुसरीत बसली, स्वस्तातलं तिकीट काढलेला माणूस फलाटावर राहिला.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकायला मिळतं की बाबा स्पर्धा असते म्हणून तर किंमती उतरतात, एकच फॉरमॅट असता तर एकच कंपनी मनमानी करती. अर्धं बरोबर आहे. पण दोन वेगळ्या गोष्टी इथं एकात मिसळल्या जातात. डीव्हीडीचा फॉरमॅट एकच होता आणि प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या शेकडो होत्या, म्हणून दीड-दोन हजारात सांगलीच्या स्टेशन रोडवर सुद्धा प्लेअर मिळायला लागलं. रूळ एक आणि गाड्या अनेक, स्पर्धा अशी पाहिजे. रूळच दोन टाकले तर स्पर्धा गाड्यांची राहत नाही, प्रवाशाला अडकवायची होते.

आणि अडकवणं म्हणाल तर जिंकलेल्या फॉरमॅटनंही कमी केलं नाही. ब्लू-रेनं जगाचे तीन तुकडे केले, अमेरिका-जपान ए मध्ये, युरोप-ऑस्ट्रेलिया बी मध्ये, आपण, चीन आणि रशिया सी मध्ये. माझा मोठा चुलतभाऊ 2011 मध्ये अमेरिकेहून येताना चार ब्लू-रे घेऊन आला, प्रत्येक डिस्कचे पैसे मोजून, बिलं सुद्धा होती. इथं घरच्या प्लेअरमध्ये त्यातल्या तीन लागल्याच नाहीत, काळ्या पडद्यावर रिजन चुकीचा म्हणून एक ओळ आली आणि डिस्क बाहेर. वहिनी म्हणाल्या, "चोरून आणल्यासारखं तोंड झालंय तुमचं." चोरीची डिस्क मात्र कुठल्याही मशीनवर धावायची, हे लक्षात घ्या. पैसे देणाऱ्यालाच तेवढं कुलूप. हरलेल्या एचडी डीव्हीडीला रिजनची भानगडच नव्हती, तिची ही एक गोष्ट मला खरंच आवडायची, आणि पुढं 4के ब्लू-रे आली तिच्यातही रिजन काढून टाकला, म्हणजे त्याशिवाय जग चालतं हे त्यांनाही कळलंच.

चोरीचा विषय निघालाच आहे तर तोही उघड बोलतो. आपल्याकडं तेव्हा निम्म्याहून जास्त डिस्क नकली असायच्या, नकली डिस्क चालाव्यात म्हणून कन्सोलला चिप लावलेली असायची, हे सगळ्यांना माहिती आहे आणि मी त्याची बाजू घेत नाही. पण मोझर बेअर या आपल्याकडच्या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं जेव्हा 28 रुपयाला व्हीसीडी आणि 34 रुपयाला डीव्हीडी काढली, ओरिजिनल, मराठी पिक्चर सुद्धा, तेव्हा हीच माणसं ओरिजिनल घ्यायला लागली. माझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा ओरिजिनल डिस्क घेतली ती तेव्हा, भाजी आणायला गेलेली आणि पिशवीत मेथीच्या जुडीबरोबर डीव्हीडी घेऊन आली. लोकांना फुकट पाहिजे असतं हे खोटं आहे, लोकांना परवडेल अशा किंमतीत आणि आपल्या मालकीचं पाहिजे असतं. मोझर बेअर पुढं कर्जात बुडाली, 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली, ती हकीकत वेगळी आहे.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपचा हिशेब सांगतो म्हणजे मालकी म्हणजे काय ते कळेल. चौघांनी वर्गणी काढून फुटबॉलचा एक गेम घेतला. आठवडा-आठवडा प्रत्येकाकडं. घेतलेल्या प्रत्येक डिस्कच्या छापील बाजूला मार्करनं चौघांची आद्याक्षरं. कंटाळा आला तशी ती डिस्क मिरजेच्या एका मुलाला निम्म्या किंमतीत विकली, त्या पैशात थोडे घालून गाड्यांचा गेम घेतला, आणि ती मिरजेची डिस्क पुढं इस्लामपूरला कुणाकडं तरी गेली असं ऐकलं. एका डिस्कवर दहा-बारा पोरं खेळली असतील. कंपनीचे लोक म्हणतात हे नुकसान. मी म्हणतो ती चार पोरं नवा गेम घेऊ शकली कारण जुना विकता येत होता. ट्रॅक्टर, मोटारसायकल, इंजिनिअरिंगची पुस्तकं, आपल्याकडं कुठली महागाची वस्तू अशी आहे जी पुढं विकता येईल या हिशेबावर घेतली जात नाही?

हाच हिशेब आजच्या कन्सोलला लावून बघा. 2021 च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन 5 भारतात आला तेव्हा डिस्कवाला 49,990 ला आणि बिनडिस्कचा, ज्यावर फक्त डाउनलोड केलेले गेम चालतात तो, 39,990 ला. दहा हजार वाचले म्हणून पालक बिनडिस्कचा घेतात, मी पण तेच सुचवलं असतं. आता समजा गेम पाच हजाराचा आहे आणि खेळून झाल्यावर तीन हजाराला विकला, तर डिस्कवाल्याला तो दोन हजारात पडला. बिनडिस्कवाल्याला पूर्ण पाच हजारात. चौथ्या गेमला ते वाचलेले दहा हजार संपले, आणि तिथनंच स्वस्तातलं मशीन महाग व्हायला लागलं. शिवाय डिस्क चार दुकानात मिळते, कुठं दोनशे कमी कुठं चारशे, बिनडिस्कच्या मशीनला दुकान एकच, ज्याचं मशीन त्याचं दुकान. दोन फॉरमॅटच्या भांडणात निदान दोन बाजू तरी होत्या.

पूर्वी लोक बोलले तर फरक पडला होता हे विसरू नका. 2013 च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं होतं की एक्सबॉक्स वन दिवसातनं एकदा इंटरनेटला जोडावा लागेल आणि वापरलेले गेम विकण्यावर बंधनं असतील. जगभर एवढी ओरड झाली की 19 जूनला त्यांनी ते सगळं मागं घेतलं. मग काय झालं, तर नियम करायच्या ऐवजी हळूहळू काही मशीनमधनं डिस्कची फटच काढून टाकली, आणि यावेळी ओरड झाली नाही कारण कुणी काही हिसकावलंय असं वाटलंच नाही.

डिस्क असली म्हणजे सगळं भागलं असंही मी म्हणत नाही, तेवढा भोळा नाही. 2010 च्या एप्रिलमध्ये एका अपडेटनं सोनीनं प्लेस्टेशन 3 वर लिनक्स (कॉम्प्युटर चालवायची मोफत प्रणाली) टाकायची सोय काढून घेतली, जी सोय जाहिरातीत दाखवून मशीन विकलं होतं. युबिसॉफ्ट या गेम काढणाऱ्या कंपनीनं 'द क्रू' नावाच्या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद केले आणि ज्यांच्याकडं डिस्क होती त्यांचीही डिस्क नुसती चकती झाली, एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी चालेना. 2023 च्या डिसेंबरमध्ये सोनीनं सांगितलं की डिस्कव्हरीचे कार्यक्रम लोकांनी विकत घेतले असले तरी त्यांच्या खात्यातनं काढणार, करार संपला म्हणून, ओरड झाली तेव्हा थांबवलं. निन्टेंडोच्या स्विच 2 साठी तर आता अशी कार्ड येतात की आत गेमच नसतो, फक्त किल्ली, गेम डाउनलोड करून घ्यायचा. एवढं मात्र की ते कार्ड दुसऱ्याला देता येतं, किल्ली तरी हातात आहे.

मला जे पाहिजे ते फार मोठं नाही. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासनं कायदा लागू झालाय की डिजिटल माल नुसता वापरायच्या परवान्यावर देत असाल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'बाय' हा शब्द वापरायचा नाही. युरोपात गेम बंद पाडण्याच्या विरोधात दहा लाखांच्या वर सह्या गोळा झाल्या. आपल्याकडं 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला त्यात शिक्षा आहे, मग जे देता येत नाही, विकता येत नाही, वारसाला ठेवता येत नाही, त्याला 'विकत घ्या' म्हणणं ही दिशाभूल नाही तर काय आहे? निदान तो शब्द तरी काढा. आणि शब्द ठेवायचा असेल तर एकदा तरी दुसऱ्याच्या नावावर करायची सोय द्या, मोबाईल नंबर एका कंपनीतनं दुसरीत नेता येतो, शेअर एकाच्या खात्यातनं दुसऱ्याच्या खात्यात जातात, मग गेम जात नाही हे तांत्रिक कारण मला पटत नाही. सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच फॉरमॅट ठेवावा असा आग्रह सरकारनं धरायला पाहिजे, आधी, लोकांचे पैसे अडकायच्या आधी. युरोपनं चार्जरच्या बाबतीत तेच केलं, 2024 च्या डिसेंबरपासनं तिथं नव्या मोबाईलला टाइप-सी सक्तीचं आहे, आणि कुठल्या कंपनीचं दुकान त्यामुळं बंद पडलेलं मी ऐकलं नाही.

काही जण म्हणतील गेम-पिक्चरसाठी एवढं कशाला, आपल्याकडं ऊसाच्या दराचे, पाण्याचे प्रश्न आहेत. आहेत, मला माहिती आहेत, मी त्याच घरातला आहे. पण आज जे गेमला होतंय ते उद्या पोरांच्या पाठ्यपुस्तकाला, ट्रॅक्टरमधल्या सॉफ्टवेअरला होणार. गेमवाली पोरं यात पहिली सापडली एवढंच.

तर त्या पिशवीतल्या डिस्क. भाच्याचं खातं अजून उघडलेलं नाही. मार्चमध्ये मी सांगलीतनंच एक जुना प्लेस्टेशन 2 घेतला, अठराशे रुपयाला, लेन्स बदललेला, आणि पुरातनं वाचलेली ती काळी पिशवी त्याच्याबरोबर त्याला दिली. पहिल्यांदा चित्र बघून नाक मुरडलं त्यानं, मग दोन तास हलला नाही. एका डिस्कवरची आद्याक्षरं अजून वाचता येतात, चारातली तीन, चौथं साबणानं गेलं. परवा ताईकडं गेलो होतो तर तीच डिस्क पिशवीत नव्हती. विचारलं तर म्हणाला मित्र घेऊन गेलाय, रविवारी आणून देणार आहे.